ज्वालामुखी, सरोवर आणि आपलें प्रवासवर्णन

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठी मासिकांच्या व दिवाळी अंकांच्या वाचकांस एका नव्या जातीचें प्रवासवर्णन वारंवार भेटूं लागलें आहे. पूर्वीं परदेशचा प्रवास म्हटला म्हणजे विलायतेचा. त्यांत लंडन, पॅरिस आणि फार तर व्हिएन्ना एवढीं स्थळें यावयाचीं. आतां आपलीं तरुण मुलेंमुली, आणि यांत अमरावती-अकोल्याकडचीं मुळींच मागें नाहींत, पाठीवर एक पिशवी टाकून बालीला, जावाला, फिलिपाइन्सला, क्वचित् ग्वाटेमालापर्यंतहि जातात. स्वस्त हॉस्टेलांत अंग टाकतात. पहाटेच्या काळोखांत एखाद्या जिवंत ज्वालामुखीवर चढतात. उतरून त्याच्या पायथ्याच्या सरोवराकांठीं एक दुपार काढतात. आणि घरीं आल्यावर त्यावर लेख लिहितात. त्यांच्या जाण्याविषयीं माझें कांहींच म्हणणें नाहीं. आपल्या देशांत जिवंत ज्वालामुखी एकच, तो अंदमानांतील बॅरन बेटाचा. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत व १९९१ सालीं तो दीर्घ निद्रेनंतर पुन्हा जागा झाला. पण सामान्य प्रवाशास त्या बेटावर उतरतां येत नाहीं. तेव्हां ज्याला हा देखावा पाहावयाचा त्याला समुद्र ओलांडणें भाग आहे. माझें म्हणणें आहे तें लेखांविषयीं. असे लेख मीं छापलेले वाचले आहेत, आणि महाविद्यालयांतील अध्यापकाच्या वांट्यास येतात तसे हस्तलिखितांतहि पुष्कळ वाचले आहेत. आणि वाचून झाल्यावर बहुतेक वेळां मनांत एकच प्रश्न उरला आहे, कीं या लेखकानें डोंगर पाहिला तो केव्हां?

या लेखांची बांधणी आतां ठरून गेली आहे. बहुतेकांचा डोंगर बालींतील बतूर. उंची १,७१७ मीटर, वाट फारशी अवघड नाहीं, सुमारें दोन तासांत माथा गांठतां येतो, आणि खालीं त्याच नांवाचें सरोवर पसरलेलें. म्हणजे एका दिवसांत दोन्ही गोष्टी साधतात. लेख रात्रीं दोन वाजतां गजराच्या आवाजानें सुरू होतो. मग कुडकुडणें, मग वाटाड्याचें हसरें तोंड, मग डोंगरावर चढत जाणाऱ्या विजेऱ्यांची रांग. ही रांग सहसा काजव्यांसारखी दिसते. मग धाप लागते, परत फिरावें असा विचार येतो, आणि लेखक त्या विचारावर विजय मिळवितो. माथ्यावर सूर्योदय होतो व तेथें शब्द अपुरे पडतात. वाटाडे वाफेच्या भेगांत अंडीं उकडून देतात. त्यावर एक विनोद होतो. त्यानंतर निसर्गापुढें मनुष्य किती क्षुद्र हा विचार, मग छायाचित्र, मग उतार. सरोवर निळेंशार व शांत असतें, आणि तेथें लेखक अंतर्मुख होतो. बालीचे लोक हिंदु आहेत हें आठवून त्याचा ऊर भरून येतो व लेख संपतो.

थट्टेसाठीं मीं हें थोडें दाटून सांगितलें हें खरें. पण ज्यांनीं असे लेख वाचले आहेत ते मला अन्यायी म्हणणार नाहींत. विचार करण्याजोगी गोष्ट अशी, कीं या मजकुरांत ज्वालामुखीच्या जागीं हिमालयांतील एखादें शिखर, किंबहुना आपलें कळसूबाई घातलें, तरी अंड्यांचें वाक्य सोडून दुसरें कांहीं बदलावें लागत नाहीं. जमीन पायाला कशी लागली, ऊन होती कीं थंड, वास कसला आला, दगड हातांत घेतला तर जड कीं हलका, धूर म्हणून जो दिसला तो धूर होता कीं वाफ, यांतलें एकहि आपणांस कळत नाहीं. कळतें तें लेखकाच्या श्वासोच्छ्वासाविषयीं.

हा दोष केवळ आळसाचा असता तर त्यावर लिहिण्याचें कारण नव्हतें. आळशी लेखक सर्व काळीं असतात. मला वाटतें, अर्धा दोष शब्दाचा आहे. 'ज्वालामुखी' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतों, कीं तें कांगड्याच्या देवीचें नांव आहे याची आठवणहि राहत नाहीं. हिमाचल प्रदेशांतील त्या देवळांत मूर्ति नाहीं. खडकाच्या फटींतून निघणारा नैसर्गिक वायु तेथें जळत असतो व त्या ज्योतींचीच पूजा होते. लाव्हा नाहीं, राख नाहीं, उद्रेक नाहीं; भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनें त्या ठिकाणीं ज्वालामुखीच नाहीं. तें देवीचें नांव आपण एटना आणि व्हेसुव्हियस यांना देऊन टाकलें. इंग्रजांनीं फारसें वेगळें केलें असें नाहीं. त्यांचा शब्द रोमनांच्या लोहार देवावरून, व्हल्कनवरून आला. पण लोहाराच्या भट्टीशीं निदान तापलेलें लोखंड तरी असतें. आपल्या शब्दांत आहे ती केवळ ज्वाळा, आणि मुख.

परिणाम असा होतो, कीं मराठी लेखक बतूरच्या काठावर उभा राहतो तो ज्वाळा पाहावयास. आणि ज्वाळा तेथें नसते. ज्वालामुखीच्या तोंडाशीं लांकडा-कोळशासारखें कांहीं जळत नसतें. कोठें लाल उजेड दिसलाच तर तो वितळलेल्या खडकाचा असतो. आणि ज्याला आपण धूर म्हणतों त्यांत मुख्य भाग पाण्याच्या वाफेचा, त्यांत मिसळलेले गंधकाचे वायु, आणि उद्रेक चालू असेल तर बारीक राख. बतूरचा उद्रेक २००० सालीं झाला, त्यानंतर तो निवांत आहे. म्हणजे प्रवाशाला प्रत्यक्ष भेटतो तो काळा खडक, पायाखालीं सरकणारी खडी, कांहीं भेगांतून निघणारी ऊन वाफ आणि झोंबणारा वारा. लेखक मनांतल्या मनांत निराश होतो. ती निराशा त्यानें प्रामाणिकपणें लिहिली असती तरी एक चांगला लेख झाला असता! पण तो ती दडपतो, आणि न दिसलेल्या ज्वाळेची भरपाई सूर्योदयाकडून करून घेतो.

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास धाकट्या प्लिनीचें पत्र भाषांतरानें तरी परिचित असतें. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियस फुटला तेव्हां हा सतरा वर्षांचा मुलगा उपसागरापलीकडे मिसेनम येथें मामाच्या घरीं होता. आकाशांत एक विलक्षण ढग दिसला. तो कोणत्या डोंगरांतून निघत आहे हेंहि त्या अंतरावरून कळेना. मामा जहाज घेऊन तिकडे गेला व तेथेंच मेला. पुष्कळ वर्षांनीं टॅसिटस या इतिहासकाराच्या विनंतीवरून प्लिनीनें त्या दिवसाची हकीकत लिहिली, आणि त्या ढगाचें वर्णन करतांना त्यानें इटलींत जिकडे तिकडे दिसणाऱ्या छत्रीसारख्या पाइन वृक्षाची उपमा घेतली: उंच सरळ बुंधा, आणि वर गेल्यावर चहूंकडे पसरलेल्या फांद्या. शब्द अपुरे पडल्याची तक्रार तेथें नाहीं. अंगणांतलें झाड त्यास पुरलें. आणि तें इतकें नेमकें पुरलें, कीं त्या जातीच्या उद्रेकाला शास्त्रज्ञ आजहि प्लिनीचेंच नांव देतात. उपमा अलंकारासाठीं असते ही आपल्या शाळांतून शिकविलेली समजूत या एका पत्रानें खोटी ठरावी. येथें उपमा हें मापाचें साधन आहे. जें पूर्वीं कोणीं पाहिलें नाहीं तें सर्वांनीं पाहिलेल्याच्या मापानें मोजावयाचें.

यावर कोणी म्हणेल, कीं प्रवासवर्णन म्हणजे भूगोलाचें पाठ्यपुस्तक नव्हे. वाचकाला डोंगर नको असतो, डोंगरावर गेलेला माणूस हवा असतो. हा आक्षेप पोरकट नाहीं. अनंत काणेकरांच्या 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' या १९४० सालच्या पुस्तकापासून मराठी प्रवासवर्णनानें माहितीची गोणी खालीं ठेवली व लेखकाच्या व्यक्तित्वाला पुढें आणलें, हें आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतील एक चांगलें वळण होतें. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'नें (१९६०) आणि 'पूर्वरंगा'नें (१९६३) तें वळण घरोघर पोंचविलें. 'पूर्वरंगां'त बालीहि आहे. पण पु. लं.चा जीव माणसांत आणि त्यांच्या गाण्याबजावण्यांत गुंतलेला होता, आणि तेथें त्यांचा कान व डोळा अखंड जागा असे. व्यक्तित्व दिसतें तें या जागेपणामुळें. मागून आलेल्यांनीं व्यक्तित्व तेवढें उचललें आणि जागेपण तेथेंच ठेवलें. आपलें मन उघडें करणें सोपें आहे. डोळे उघडे ठेवण्याला श्रम पडतात, आणि पहाटे तीनला उठून डोंगर चढलेला माणूस आधींच दमलेला असतो. हें मी थट्टेनें म्हणत नाहीं. माथ्यावरचा तास-दीड तास, त्यांत गर्दी, थंडी आणि छायाचित्रें. एवढ्यांत पाहावयाचें काय आणि किती?

पण मग त्या अक्षम अशा प्रवासी परंपरेकडे पाहावें, जिच्याजवळ ना छायाचित्राचें यंत्र होतें ना ठरवून घेतलेला मुक्काम. पाठीवरच्या पिशवीचा आपणांस फार नवलावा वाटतो. परंतु पडशी, झोळी, वळकटी आणि कावड यांवर आपली भाषा शतकानुशतकें फिरलेली आहे. विष्णुभट गोडसे १८५७ सालीं वरसईहून दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस निघाले, बंडाच्या धामधुमींत झांशीच्या वेढ्यांत सांपडले, आणि शेवटीं खांद्यावर गंगोदकाची कावड घेऊन घरीं परतले. 'माझा प्रवास' छापला गेला तो १९०७ सालीं. भटजींनीं शहर जळतांना पाहिलें, आणि तें सांगतांना त्यांना आपल्या भावनांचें प्रदर्शन मांडावें लागलें नाहीं. आपण कोठें दडलों आणि खावयास काय मिळालें हें त्यांनीं सांगितलें, आणि भय आपोआप वाचकाच्या अंगांत शिरलें. आपल्या परतवाड्यास १९१६ सालीं जन्मलेले गो. नी. दांडेकर तर पायींच हिंडणारे. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' हें नर्मदेच्या परिक्रमेंतून निघालेलें पुस्तक, आणि चालणाऱ्याच्या पायाची खूण त्यांत पानोपानीं आहे.

याहून जुनें एक उदाहरण आपल्या अगदीं दाराशीं आहे. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें. त्या गांवीं आतां मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें आहे. त्याच महानुभाव पंथांत पुढें 'स्थानपोथी' झाली. चक्रधरस्वामी ज्या ज्या गांवीं गेले, जेथें राहिले, जेथें नुसते बसले, त्या जागांची ती नोंद. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, गांवाच्या कोणत्या अंगास आहे, जवळ विहीर आहे कीं नदी, अमुक जागेपासून तमुक जागा कोणीकडे, असा सारा मजकूर. वाङ्मयाचे अभ्यासक तिला रूक्ष म्हणून बाजूस ठेवतात आणि संशोधकांच्या स्वाधीन करतात. मला ती रूक्ष वाटत नाहीं. ज्यांनीं ती लिहिली त्यांच्या दृष्टीनें प्रत्येक दगडाला महत्त्व होतें, कारण त्या दगडावर आपला स्वामी बसला होता. आणि प्रेमानें त्यांना विशेषणें सुचविलीं नाहींत, दिशा सुचविल्या. मराठी गद्य स्थळाविषयीं बोलूं लागलें तें या अचूकपणानें, हें आपण विसरूं नये. त्या स्थानांत लोणारहि आहे.

लोणारचें नांव निघालें म्हणून थोडें थांबतों, कारण प्रस्तुत विषयांत वऱ्हाडच्या लेखकाला इतरांपेक्षां दोन गोष्टी अधिक मिळालेल्या आहेत, आणि त्या त्यानें अद्याप वापरलेल्या नाहींत. पहिली म्हणजे पायांखालची जमीन. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, ते मुख्यतः लांबच लांब भेगांतून. म्हणजे त्या अग्नीला 'मुख' असें नव्हतेंच. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतांना कड्यांत ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्या; त्या खडकाला शास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दहि पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. आपली काळी कपाशीची जमीन याच खडकाची माती. जो मुलगा बतूरवर जाऊन ज्वालामुखीचा दगड प्रथमच पाहिला असें लिहितो, त्याच्या घराची जोती बहुधा त्याच जातीच्या दगडाची असते! बतूरचा दगड सच्छिद्र व हलका, आपला जुना, भरीव आणि जड. पण भाऊबंदकी उघड आहे. ती ज्याला दिसली त्याला लिहावयास विषय मिळाला.

आणि शब्द? अकोल्याचा वैशाख ज्यानें काढला आहे त्यानें उष्णतेसाठीं शब्द उसने आणावे लागणें ही नवलाची गोष्ट आहे. धग, झळ, आंच, कढ, उमाळा, फुफाटा, मुरूम, भरड: हे सारे शब्द डोंगरावर न्यावयास हलके आहेत. आगींतून फुफाट्यांत पडणें हा वाक्प्रचार आपण संसाराच्या अडचणींसाठीं रोज वापरतों. पण जेथें आग आणि फुफाटा दोन्ही खरोखरीचीं, तेथें मात्र लेखक 'ज्वालामुखीय भस्म' असें लिहितो. त्याला वाटतें, परदेशी वस्तूला घरचा शब्द शोभणार नाहीं. प्लिनीला तसें वाटलें नव्हतें.

दुसरी गोष्ट लोणार. अकोल्याहून पातूर, मालेगांव, मेहकर अशी वाट धरली तर बुलढाणा जिल्ह्यांतील हें तळें एका दिवसांत पाहून येतां येतें. सपाट माळ चालतां चालतां एकदम तुटतो. काठ भोंवतालच्या जमिनीहून किंचित् उचललेला. आणि खालीं सुमारें दीडशें मीटर खोल, पावणेदोन किलोमीटरहून थोडी अधिक रुंद अशी जवळजवळ वाटोळी कढई, तिच्या तळाशीं खारें, साबणासारखें निसरडें पाणी. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें तिची नोंद केली. पुढें दीडशें वर्षें जाणत्या माणसांनीं तिच्याकडे पाहिलें, आणि त्यांतल्या बहुतेकांना ज्वालामुखीचें तोंड दिसलें. दिसणारच, चहूंकडे लाव्ह्याचा खडक, मध्यें वाटोळा खड्डा, आणि मनांत शब्द तयार. १८९६ सालीं अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ गिल्बर्ट यानें ॲरिझोनांतील अशाच एका खड्ड्याची चर्चा करतांना लोणारची आठवण काढली, पण त्याचाहि कौल जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाकडे पडला. पुढें तो ॲरिझोनाचा खड्डा आकाशांतून पडलेल्या अशनीचा ठरला. लोणारच्या तळाशीं भोकें पाडून खडक वर काढले गेले, त्यांत प्रचंड आघाताच्या दाबानेंच घडणारी मास्केलिनाइट नांवाची कांच सांपडली, आणि १९७३ सालीं हेंहि विवर अशनीचेंच, तेंहि बसाल्ट खडकांत पडलेलें, असें प्रसिद्ध झालें. बसाल्टांतील असें सुस्थितींतलें विवर पृथ्वीवर फार दुर्मिळ. चंद्रावरच्या खडकांशीं ताडून पाहण्यास तें उपयोगी पडतें. तें केव्हां पडलें याविषयीं अद्याप एकमत नाहीं. एक मोजणी सुमारें बावन्न हजार वर्षें सांगते, दुसरी पांच लाख सत्तर हजार.

मला यांतून जें घ्यावयाचें तें शास्त्राचें नाहीं, वर्णनाचें आहे. ज्यांनीं ज्वालामुखी म्हटलें ते मूर्ख नव्हते. त्यांनीं खड्डा नीट मोजलाहि होता. पण नांव आधीं आलें आणि पाहणें मागून. लोणारच्या पुराणकथेची यांत गंमत अशी, कीं तींत लवणासुर जमिनीखालीं लपून बसतो आणि विष्णु वरून येऊन त्याच्या बिळावरचें झांकण उडवून देतो; म्हणजे आघात बाहेरून होतो, आणि पाण्यांतलें मीठ त्या असुराच्या नांवांत व गांवाच्या नांवांत राहतें. यावरून आमच्या पूर्वजांना अशनि ठाऊक होता असें म्हणणारे लोक निघतील, किंबहुना निघालेहि असतील. त्यांचा नाद सोडून द्यावा. कथाकारानें दोन गोष्टी पाहिल्या, खड्डा आणि मीठ. आणि कथा रचतांना दोन्हींना जागा दिली. एवढें केलें तरी तो चांगला निरीक्षक ठरतो. २०२० च्या जून महिन्यांत लोणारचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें तेव्हां वर्तमानपत्रांतून चमत्कार आणि निसर्गाचा कोप असे दोन शब्द आलटून पालटून चालले. पाणी आटून खारेपणा वाढल्यामुळें त्यांत वाढलेल्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचें तपासणींत निघालें. त्याच वर्षीं तळ्याला रामसर यादींत जागा मिळाली.

आतां 'सरोवर' या शब्दाकडे वळतों. ज्वालामुखी या शब्दांत आग भरलेली आहे तसें सरोवर या शब्दांत मानस भरलेलें आहे: कमळें, हंस, निर्मळ जळ, आणि कांठीं ध्यान करणारा कोणी तरी. सरकारी पाट्यांवर लोणार 'सरोवर' झालें आहे. त्यांत ना कमळ ना मासा. आपल्या लोकांचा 'तळें' हा शब्द पुष्कळ खरा. परदेशांतल्या पाण्याला आपले लेखक सरोवर म्हणतात आणि त्याबरोबर ध्यानहि सुरू करतात. येथें माझी तक्रार ज्वालामुखीपेक्षां अधिक कडक आहे, कारण ज्वालामुखी आपणांस अपरिचित म्हणून क्षमा करतां येईल, पाणी अपरिचित म्हणून येणार नाहीं. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या कांठानें जो खारपाणपट्टा जातो, तेथें विहिरीचें पाणी तोंडीं धरवत नाहीं आणि शेताला दिलें तर जमीन बिघडते. पाणी दिसलें कीं तें गोडें आहे कीं खारें असें विचारणें हा तेथल्या माणसाचा स्वभावच होऊन बसलेला आहे. लोणारच्या विवरांत सुद्धां यात्रेकरू प्रथम कोठें जातो, तर काठावरून पडणाऱ्या गोड्या पाण्याच्या धारेपाशीं. आणि तळ्याकांठच्या विहिरींत एका अंगाचें पाणी गोडें व दुसऱ्या अंगाचें खारें, म्हणून तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात असें सांगण्यांत येतें. मग या पट्ट्यांतला मुलगा बतूरच्या कांठीं चार तास बसतो आणि पाणी कसें आहे, कोठून आलें, कोठें जातें, कोणाच्या शेताला लागतें, यांतला एकहि प्रश्न विचारीत नाहीं, हें कसें? प्रश्न त्याच्या घरीं आहे. लेखांत त्याला मज्जाव आहे. लेख लिहावयास बसला कीं तो आपलें गांव बाहेर ठेवून येतो, पायताण बाहेर ठेवावें तसें.

विचारलें असतें तर उत्तर मिळण्यास अडचण नव्हती. बालींतलें हें सर्वांत मोठें तळें. डोंगराच्या आग्नेयेस, त्याच जुन्या महाविवराच्या पोटांत चंद्रकोरीसारखें पडलेलें. त्यांतून एकहि नदी उघडपणें बाहेर निघत नाहीं. पाणी जमिनींत मुरतें आणि खालच्या उतारांवर झऱ्यांच्या रूपानें वर येतें. त्या पाण्यावर भाताचीं खाचरें पिकतात, आणि खाचरांच्या मालकांच्या 'सुबक' नांवाच्या पाणीवांटपाच्या संस्था आहेत. कोणीं केव्हां पाणी घ्यावयाचें आणि केव्हां सोडावयाचें हें ठरतें तें पाण्याच्या देवळांतून. २०१२ सालीं युनेस्कोनें या व्यवस्थेला जागतिक वारशांत घेतलें. या साऱ्या पाण्याची धनीण देवी दानू, आणि तिचें मोठें देऊळ पूर्वीं खालीं, डोंगराच्या पायथ्याशीं होतें. १९१७ सालच्या उद्रेकांत लाव्हा देवळाच्या दाराशीं येऊन थांबला अशी तेथें आठवण सांगतात, आणि लोक गांव न सोडतां राहिले. १९२६ सालीं तो थांबला नाहीं. गांव आणि देऊळ दोन्ही गाडलीं गेलीं. मग लोकांनीं गांव उचलून वर महाविवराच्या काठावर नेलें आणि देवीसाठीं तेथें नवें देऊळ बांधलें. आज पहाटे बतूर चढणारा प्रवासी माथ्यावरून पश्चिमेकडच्या काठाकडे पाहील तर तें वरचें गांव त्याला दिसेल. आणि पायथ्याशीं जें काळें, ओबडधोबड, गवतहि धड न उगवलेलें रान तो मोटारींतून ओलांडून आला, त्या रानाखालीं जुनें. सूर्योदय त्याच्या उलट दिशेला, तळ्यापलीकडे होतो, आणि बहुतेकांची पाठ गांवाकडे असते.